रॉकेल, गॅस आणि अल्कोहोल : सातारा-सांगली परिसरातील घरगुती इंधनाच्या सुरक्षिततेचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :
इंधनाच्या इतिहासाचा अभ्यास प्रामुख्याने उद्योग, वाहतूक आणि व्यापार या अंगांनी झालेला दिसतो. स्वयंपाकघर त्यात क्वचितच डोकावते. वास्तविक शेणी, काटक्या, उसाचे पाचट अशा स्वतः गोळा केलेल्या इंधनाकडून विकत आणलेल्या इंधनाकडे झालेला प्रवास हा कृष्णाकाठच्या कुटुंबजीवनातील मोठा बदल होय. चुलीचा धूर घातक असला तरी चुलीचा स्वभाव घरातील स्त्रीला ठाऊक होता. दुकानातून आलेल्या इंधनाचा स्वभाव मात्र दुसऱ्याच कोणाला ठाऊक होता. अशा इंधनाच्या धोक्याची जबाबदारी कोणी घ्यावयाची, या प्रश्नाचा सातारा व सांगली जिल्ह्यांच्या संदर्भात प्रस्तुत लेखात विचार केला आहे.

रॉकेलचा काळ :
'रॉकेल' हा 'रॉक ऑईल'चा, तर 'घासलेट' हा 'गॅस लाईट'चा मराठी अवतार मानला जातो. हे इंधन प्रथम चिमणी व कंदील यांसाठी घरात आले आणि नंतर स्टोव्हच्या रूपाने स्वयंपाकात शिरले. स्वीडनमध्ये १८९२ साली अवतरलेल्या प्रायमस स्टोव्हची रचना साधी, पण वापरणाऱ्याकडून फार अपेक्षा करणारी होती. टाकीत पंपाने हवा भरावयाची, बर्नर तापवावयाचा, रॉकेलची वाफ होऊन ती बारीक छिद्रातून जळू लागली की भांडे ठेवावयाचे. बर्नर पुरेसा तापला नसेल तर वाफेऐवजी द्रव बाहेर पडून भडका उडतो. छिद्र बुजले की पिन मारावी लागते. रॉकेलमध्ये पेट्रोलची थोडीशी भेसळही प्राणघातक ठरते, कारण भारतीय मानकानुसार रॉकेलचा ज्वलनबिंदू किमान ३५ अंश सेल्सिअस असावा लागतो आणि भेसळीने तो झपाट्याने खाली येतो. हातगाडीवरून किंवा रेशन दुकानातून डबाभर रॉकेल घेणाऱ्या गृहिणीला ही भेसळ ओळखण्याचे कोणतेही खात्रीचे साधन नव्हते.

'स्टोव्हचा भडका उडाला' हा शब्दप्रयोग महाराष्ट्रातील पोलीस पंचनाम्यांत इतका रुळला की, त्याआड दोन भिन्न गोष्टी दडल्या : सदोष साधनामुळे झालेला अपघात आणि सासरी झालेला छळ अथवा खून. सत्तर-ऐंशीच्या दशकांतील स्त्री-चळवळीने यातील दुसरी गोष्ट उघड केली. १९८३ च्या फौजदारी कायदा दुरुस्तीने भारतीय दंडविधानात कलम ४९८-अ आले. विवाहापासून सात वर्षांच्या आत स्त्रीचा संशयास्पद मृत्यू झाल्यास विशेष चौकशीची तरतूद झाली. हे आवश्यकच होते. तथापि पहिल्या गोष्टीची, म्हणजे साधनातील दोषाची, तेवढ्या गांभीर्याने चर्चा झाली नाही.

कायद्याची मर्यादा येथे लक्षात घेण्याजोगी आहे. १९३४ च्या पेट्रोलियम अधिनियमानुसार, कोणत्याही एका पात्रात १००० लिटरपेक्षा अधिक नसल्यास, रॉकेलच्या वर्गातील २५०० लिटरपर्यंतच्या साठ्यास परवाना लागत नाही. गॅस सिलिंडर नियमांत घरगुती गॅससाठी हीच सूट १०० किलोपर्यंत आहे. परवाना व तपासणीची ही व्यवस्था पाहणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय नागपुरात, म्हणजे महाराष्ट्रातच आहे. पण तिची नजर डेपो, टँकर आणि गोदामे यांवर. घराच्या उंबऱ्याशी परवान्याचा अंमल संपतो.

गॅसचे आगमन :
मुंबईत १९५५ साली बर्मा-शेल कंपनीने 'बर्शेन' या नावाने सिलिंडरमधील गॅस विकण्यास प्रारंभ केला. जिल्ह्याच्या गावांपर्यंत तो पोहोचण्यास दीर्घ काळ लागला आणि पोहोचल्यावरही प्रतीक्षायादी संपेना. प्रोपेन व ब्युटेन यांच्या या मिश्रणाला स्वतःचा वास नसतो. अमेरिकेत टेक्सासमधील न्यू लंडन येथील शाळेत १९३७ साली वास नसलेल्या नैसर्गिक वायूच्या स्फोटात सुमारे ३०० जीव गेले, त्यानंतर वायूत दुर्गंधी द्रव्य मिसळण्याची सक्ती तेथे झाली. आपल्या सिलिंडरमधील इथिल मरकॅप्टन त्याच कामासाठी असते. सिलिंडरवर ठराविक मुदतीने होणाऱ्या तपासणीचे वर्ष व तिमाही कोरलेली असते. म्हणजे गॅसच्या बाबतीत सुरक्षिततेचा काही भाग पुरवठादाराच्या अंगावर आला. उरलेला घरावरच राहिला : रबरी नळी वेळेवर बदलणे, शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर ठेवणे, आणि हवेपेक्षा जड असलेला हा वायू जमिनीलगत साचतो हे ओळखून वास येताच दिव्याच्या बटणाला हात न लावता दारे उघडणे.

फलटणचा प्रयोग :
जबाबदारी वापरणाऱ्यावर न ढकलता साधन व इंधन यांतच सुधारणा करण्याचा उल्लेखनीय प्रयत्न सातारा जिल्ह्यातील फलटण येथे झाला. बनबिहारी निंबकर यांनी १९६८ साली स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी १९८१ मध्ये आले. गोड ज्वारीपासून अल्कोहोल, सौर उष्णतेने त्याचे ऊर्ध्वपातन, 'नूरी' हा सुधारित कंदील आणि अल्कोहोलवर चालणारी शेगडी अशी ही साखळी आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधातील शेगडी निम्मे अल्कोहोल व निम्मे पाणी अशा मिश्रणावर चालते. याचे मर्म साधे आहे. रॉकेल पाण्यावर तरंगते, त्यामुळे पाणी ओतल्यास आग पसरते. अल्कोहोल पाण्यात मिसळते, म्हणून पाण्याने विझते. मिश्रणात आधीच पाणी असल्याने ज्योत सौम्य राहते आणि काजळी धरत नाही. अल्कोहोलची फिकट निळी ज्योत उजेडात चटकन दिसत नाही, हा दोष मात्र मान्य करावयास हवा.

अडचण तंत्राची नव्हती. या दोन्ही जिल्ह्यांत साखर कारखान्यांच्या आसवन्यांतून मळीपासून अल्कोहोल तयार होते. पण १९४९ च्या दारूबंदी कायद्याच्या चौकटीत त्याची बाळगणूक व वाहतूक परवान्याने बांधलेली. हे इंधन घराघरांत गेल्यास ते प्यायले जाईल, ही भीती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. परंतु तिच्यापुढे भाजण्याच्या धोक्याचे वजन कधी तोलले गेले नाही. याच काळात, २००१ साली, पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा प्रायोगिक प्रकल्प देशात ज्या तीन ठिकाणी सुरू झाला, त्यांपैकी एक सांगली जिल्ह्यातील मिरज होते. २००३ पासून नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रणाचे धोरण आले. त्या धोरणात मोटारीला जागा मिळाली, शेगडीला नाही. फलटणमध्ये पुढे प्रकाश व स्वयंपाक एकाच ज्योतीवर साधणारा 'लॅनस्टोव्ह' विकसित झाला, आणि तो चालविण्यासाठी पुन्हा रॉकेलच हाती घ्यावे लागले.