भातुकलीच्या पातेल्यात काय शिजते? खेळातल्या खाऊचा इतिहास

१/ इ.स. १९०४. इंग्लंडमध्ये बिॲट्रिक्स पॉटर यांचे ‘द टेल ऑफ टू बॅड माइस’ हे छोटेखानी पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात उंदरांचे एक जोडपे बाहुलीघरात शिरते. मेजावर मांस, मासे, फळे असा थाट मांडलेला असतो. उंदीर मांसावर सुरी चालवतो, तर सुरीच वाकते. सारे अन्न प्लास्टरचे आहे हे कळताच दोघांचा संताप अनावर होतो आणि ताटेच्या ताटे फुटतात.

२/ ते अन्न केवळ कल्पनेतले नव्हते. पॉटर यांचे प्रकाशक नॉर्मन वॉर्न यांनी आपल्या पुतणीसाठी बाहुलीघर बांधले होते. चित्रांसाठी नमुना हवा म्हणून त्यांनीच लंडनच्या हॅमलीज या खेळण्यांच्या दुकानातून प्लास्टरच्या खाद्यपदार्थांची पेटी आणून पॉटर यांच्याकडे पाठवली. ते पदार्थ आजही लेक डिस्ट्रिक्टमधील त्यांच्या ‘हिल टॉप’ या घरात जपलेले आहेत.

३/ उंदरांचा संताप हा भातुकलीच्या इतिहासातला एक जुना प्रश्न आहे. खेळातल्या पातेल्यात काय असावे? खरे अन्न, हुबेहूब पण खोटे अन्न, की काहीच नाही? निरनिराळ्या काळांनी या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे दिली. ज्या काळाला मुलाकडून जे हवे होते, तेच त्या काळाने पातेल्यात घातले. त्या उत्तरांचा हा धागा.

४/ प्रारंभी एक सावधगिरी. सिंधू संस्कृतीच्या नगरांत (सुमारे इ.स.पू. २६०० ते १९००) मातीच्या गाड्या, पक्ष्यांच्या आकाराच्या शिट्ट्या आणि अगदी लहान आकाराची भांडी सापडली आहेत. गाड्या व शिट्ट्या सहसा खेळणी मानल्या जातात. भांड्यांविषयी मात्र निर्णय कठीण असतो. एखादे चिमुकले मडके भातुकलीचे असेल, पूजेतले असेल किंवा नुसते सुगंधी तेल ठेवण्याचेही असेल. मडके टिकते, त्यातला लुटुपुटीचा भात टिकत नाही.

५/ लिखित पुरावा मिळतो तो युरोपात. बव्हेरियाचा ड्यूक पाचवा आल्ब्रेख्त याने १५५८ च्या सुमारास एक भव्य बाहुलीघर करवून घेतले. पुढे १५९८ साली झालेल्या नोंदणीत त्यातल्या वस्तूंची यादी आढळते. त्यात स्वयंपाकघरही आहे. १६७४ च्या आगीत ते घर नष्ट झाले. यादी उरली, म्हणून आज ते ठाऊक आहे.

६/ न्यूरेंबर्ग हे कारागिरांचे शहर. कथील व शिसे यांच्या मिश्रधातूची चिमुकली भांडी तेथे ओतली जात. पुढची बाजू उघडी असलेली एक खोली, मध्ये चूल, भिंतींवर फळ्या आणि फळ्यांवर ताटल्यांच्या चकचकीत रांगा, अशा खेळण्याला ‘न्यूरेंबर्गचे स्वयंपाकघर’ हेच नाव पडले. कित्येक घरांत ते नाताळला बाहेर काढत आणि सण सरला की पुन्हा बांधून ठेवत.

७/ या खेळण्याचा हेतू उघड होता. १६३१ साली न्यूरेंबर्गच्या ॲना कोफर्लिन यांनी आपले बाहुलीघर शुल्क घेऊन लोकांना दाखवले आणि त्याचे पत्रकही छापले. मुलांनी घर नीट पाहावे आणि नीटनेटका संसार कसा करावा हे शिकावे, असा त्या पत्रकाचा आशय होता. येथे पातेल्यातला पदार्थ गौण होता. महत्त्व होते ते प्रत्येक भांडे आपापल्या जागी असण्याला.

८/ एकोणिसाव्या शतकात पत्र्याची खेळणी आली. १८५९ मध्ये जर्मनीतील ग्योपिंगेन येथे थिओडोर मेर्कलिन यांनी बाहुल्यांच्या स्वयंपाकघरासाठी पत्र्याची भांडी करण्याचा उद्योग सुरू केला. पत्नी कॅरोलिन गावोगावी फिरून माल विकत आणि पतीच्या निधनानंतर त्यांनीच व्यवसाय सांभाळला. आगगाड्यांसाठी जगभर ओळखले जाणारे हे नाव मुळात भातुकलीतून पुढे आले.

९/ त्या काळातल्या पत्र्याच्या काही चुलींत स्पिरिटचा दिवा पेटवून खरोखर शिजवता येई. म्हणजे एकाच शतकात दोन टोके होती. एकीकडे फक्त पाहण्याचे प्लास्टरचे ताट, तर दुसरीकडे खरी ज्योत आणि तिच्याबरोबर भाजण्याचा खराखुरा धोका. लहान मुलाला खेळात किती खरेपणा द्यावा, हा पालकांपुढचा पेच तेव्हापासूनचा आहे.

१०/ महाराष्ट्रातल्या भातुकलीने या पेचातून आपली वाट काढली. भांडी खरी, पण लहान. तांब्यापितळेची पातेली, परात, तांब्या, फुलपात्र, घंगाळ, बंब, झारा, उलथने, पळी, दगडाचे जाते, पाटा-वरवंटा, लाकडाचे पोळपाट-लाटणे. मोठ्या स्वयंपाकघरातली जवळजवळ प्रत्येक वस्तू या संचात बोटाएवढी होऊन येई, आणि तिचे नावही तेच राही. खेळता खेळता मूल भांड्यांची सारी नावे शिकत असे.

११/ अन्नही खरेच, पण न शिजवता खाता येणारे. चुरमुरे म्हणजे भात, गूळ-दाण्यांचा कूट म्हणजे पक्वान्न, भिजवलेली डाळ म्हणजे उसळ. चूल पेटत नसे, तरी पंगत खरी बसे. मातीची पोळी आणि पाल्याची भाजी ‘खाल्ल्यासारखी’ करायची, दाणे-गूळ मात्र खरोखर खायचा. खोटे कोठे संपते आणि खरे कोठे सुरू होते, हे तीन वर्षांच्या पाहुण्यालाही नेमके कळत असे.

१२/ या चित्राला एक काळी कडाही आहे. एकोणिसाव्या शतकात मुलीची खेळातली चूल आणि सासरची चूल यांत फारसे अंतर नसे. रमाबाई रानडे यांचा विवाह १८७३ मध्ये झाला, तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरवणारा शारदा कायदा संमत झाला तो १९२९ मध्ये. तोवर भातुकली हा असंख्य मुलींसाठी खेळही होता आणि उमेदवारीही.

१३/ जपानी भाषेत या खेळाला ‘मामागोतो’ म्हणतात. ‘मामा’ म्हणजे भात किंवा जेवण. ‘मान्मा’ हा तिकडच्या बाळांचा खाऊसाठीचा शब्द. मराठी बाळ ‘मंमं’ म्हणते, हा योगायोग मोठा गोड आहे. तेथे एका रानतणाचे लालसर बारीक दाणे मुले खेळात ‘लाल भात’ म्हणून वाढतात. सणाला शिजणाऱ्या तांबड्या भाताची ती नक्कल. त्यावरून त्या तणालाच ‘लाल मान्मा’ अशा अर्थाचे नाव रूढ झाले.

१४/ हुबेहूब खोट्या अन्नाची परंपरा मराठी मुलखातही आहे. सावंतवाडीच्या चितारआळीतले कारागीर लाकडाची फळे-भाज्या करतात. पांगाऱ्यासारखे हलके लाकूड कोरायचे, घासायचे, रंगवायचे. आंबा, केळे, सीताफळ, वांगे अशी फळे-भाज्या ताटात मांडली की क्षणभर डोळा फसतो. यांतली बरीचशी दिवाणखान्यात शोभेसाठी जातात, काही भातुकलीत. मात्र खेळणाऱ्या बाळाचा पहिला परीक्षक डोळा नसतो, तोंड असते.

१५/ आणि तोंडाशी रंगाचा प्रश्न येतो. पॉटर यांचे पुस्तक निघाले त्याच वर्षी, १९०४ मध्ये, ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनचे डॉक्टर जॉन लॉकहार्ट गिब्सन यांनी आपल्या प्रांतातील मुलांना होणाऱ्या शिशाच्या विषबाधेचे मूळ दाखवून दिले. घराच्या कठड्यांचा आणि भिंतींचा रंग भुकटी होऊन मुलांच्या बोटांवर येई आणि बोटे तोंडात जात. क्वीन्सलँडमध्ये यावर कायदा होण्यास १९२२ उजाडले. भारतात घरगुती रंगांतील शिशावर कडक मर्यादा घालणारे नियम २०१६ चे आहेत.

१६/ विसाव्या शतकाच्या प्रारंभी खोट्या अन्नावरच आक्षेप आला. ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत मारिया मॉन्टेसरी यांनी पहिले बालगृह उघडले. तेथे ठेवलेल्या सुंदर खेळण्यांकडे मुले फारशी वळत नाहीत आणि खऱ्या कामात रमतात, असे त्यांना आढळले. त्यांच्या पद्धतीत मूल खऱ्या काचेच्या भांड्यातून पाणी ओतते. फुटले, तर फुटते का हे त्याला कळते.

१७/ हा विचार मराठीत रुजवताना ताराबाई मोडक यांच्यापुढे वेगळीच अडचण उभी राहिली. मॉन्टेसरी साधने महाग होती आणि खेड्यातल्या मुलांना परकीही. १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि १९५७ नंतर कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी व अनुताई वाघ यांनी बिया, शिंपले, खडे, पाने अशा परिसरातल्या वस्तूंनाच साधने केले. ज्या घरात भातुकलीचा पितळी संच कधीच येणार नव्हता, त्या घरातल्या मुलांच्या हातीही मोजायला, ओतायला, मांडायला काहीतरी आले.

१८/ खडा बटाटा कसा होतो? रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगोत्स्की यांनी १९३३ च्या व्याख्यानात याचे सुप्रसिद्ध विवेचन केले. मूल काठीला घोडा मानते, तेव्हा वस्तू आणि तिचा अर्थ यांची गाठ प्रथमच सैल होते, आणि पुढच्या अमूर्त विचाराची ती पायरी ठरते. या दृष्टीने पाहिले तर फार हुबेहूब वस्तूची एक मर्यादा दिसते. प्लास्टिकचे बर्गर हे बर्गरच राहते. खडा मात्र आज बटाटा, उद्या लाडू.

१९/ बाजार उलट दिशेने निघाला होता. १९६३ मध्ये अमेरिकेतील केनर या कंपनीने ‘ईझी-बेक ओव्हन’ आणले. १०० वॅटच्या दोन दिव्यांच्या उष्णतेवर त्यात चिमुकला केक भाजला जाई. किंमत १५.९५ डॉलर. पहिल्याच वर्षी सुमारे ५ लाख नग विकले गेले. स्पिरिटच्या ज्योतीची जागा विजेच्या दिव्याने घेतली. केकचे तयार मिश्रणही कंपनीच विकू लागली, त्यामुळे पातेल्यात काय पडायचे हे दुकानात ठरू लागले.

२०/ चूल कोणाची, हाही प्रश्न मग उघडपणे विचारला गेला. २०१२ मध्ये एका तेरा वर्षांच्या अमेरिकन मुलीने धाकट्या भावासाठी हे ओव्हन मुलांच्या जाहिरातींतही दिसावे, अशी मागणी केली. हजारोंनी सह्या केल्या आणि कंपनीने काळ्या-रुपेरी रंगातले ओव्हन दाखवले. महाराष्ट्रात २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात स्त्री व पुरुष दोघेही भाजी निवडताना दिसले. रमाबाईंच्या काळापासूनचे अंतर त्या एका चित्रात मोजता येते.

२१/ खेळण्यांवरचे नियमही इतिहासाचाच भाग आहेत. १ जानेवारी १९८० पासून अमेरिकेत तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना एका लहान नळकांड्याची कसोटी लागू झाली. सुमारे ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या त्या नळकांड्यात जो तुकडा पूर्ण मावतो, तो घशात अडकू शकतो असे मानून बाद होतो. खोटे द्राक्ष आणि खोटा वाटाणा येथे नापास होतात. आंबा आणि वांगे उत्तीर्ण होतात.

२२/ भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना यातून सूट आहे. कारण उघड आहे: प्रयोगशाळेतल्या चाचणीचा खर्च चितारआळीतल्या एकट्या कारागिराला परवडणारा नाही. त्यामुळे अशा वस्तूवर चिन्ह नसले तरी ती वाईट ठरत नाही. मात्र ‘रंग कोणता वापरला?’ हा प्रश्न घेणाऱ्याने स्वतः विचारायचा असतो.

२३/ आज दोन वर्षांच्या बाळासाठी भातुकली निवडणाऱ्या घरापुढे ही सारी शतके एकत्र उभी असतात. त्यांतून काही गोष्टी निवडता येतात. भांडी घरातल्यासारखी असावीत, म्हणजे नक्कल करता येते. खोटी फळे मोजकी, मुठीपेक्षा मोठी, रंग न सुटणारी. जुन्या पेटीतला शिशाचा किंवा अज्ञात धातूचा संच कपाटातच शोभतो. एखादी खरी वाटी, खरी पळी. आणि एक पातेले रिकामे.

२४/ कारण ते रिकामे पातेलेच सर्वांत जुने आहे. मूल त्यात पळी फिरवते, फुंकर घालते, ‘गरम आहे’ म्हणून बजावते आणि वाटी पुढे करते. समोरचा माणूस ती तोंडाला लावून ‘मीठ जरा कमी पडलं’ म्हणतो. मूल पळी घेऊन पुन्हा चुलीकडे वळते. पॉटर यांच्या उंदरांना जे साधले नाही, ते येथे दोन वर्षांचे मूल सहज करते: जे नाही, ते वाढते, आणि पंगत जेवून उठते.

#भातुकली #इतिहास