गुण, गरज आणि वजाबाकीचा क्रम

अमेरिकेतल्या महाविद्यालयीन अर्थसाहाय्याविषयी वाचायला घेतले की सुरुवातीलाच दोन वेगळी प्रकरणे समोर येतात. एकात गुणवत्तेवर मिळणाऱ्या शिष्यवृत्त्या, म्हणजे मेरिट. दुसऱ्यात घरची ऐपत पाहून दिली जाणारी मदत, म्हणजे नीड. नव्या वाचकाची अशी समजूत होते की हे दोन स्वतंत्र हिशेब आहेत आणि हुशार पण गरीब मुलाला दोन्हींचा लाभ होत असणार. प्रत्यक्षात प्रवेश मिळालेल्या मुलाच्या हाती जे अवॉर्ड लेटर पडते, त्यात हे दोन्ही आकडे एकाच कागदावर येतात आणि पुष्कळदा एक दुसऱ्यातून वजा होतो. या विषयाचा अभ्यास खऱ्या अर्थाने तिथून सुरू होतो. मेरिट आणि नीड यांचा संबंध समजून घ्यायचा असेल, तर कोणती रक्कम आधी धरली आणि कोणती मागून, हे पाहावे. पैसा अखेर कुणाच्या घरी पोचला, हे बहुतेक वेळा त्या क्रमानेच ठरवलेले असते.

हिशेब एकदा हाताने करून पाहू. आकडे समजुतीपुरते घेतो. एका महाविद्यालयाचा वर्षाचा एकूण खर्च, म्हणजे फी, राहणे-जेवण, पुस्तके आणि प्रवास धरून, ६०,००० डॉलर आहे. फॅफ्सा नावाचा सरकारी अर्ज भरल्यावर कुटुंबाच्या उत्पन्नावरून आणि मालमत्तेवरून एक निर्देशांक निघतो. २०२४–२५ पासून त्याला स्टुडंट एड इंडेक्स म्हणतात. तो १०,००० आला, तर मुलीची गरज ५०,००० ठरते. महाविद्यालयाने ती पूर्ण भागवायचे कबूल केले: ४२,००० अनुदान, २,५०० आवारातल्या कामाचा मोबदला, ५,५०० सरकारी कर्ज. आता या मुलीला गावच्या एखाद्या ट्रस्टची ५,००० डॉलरची गुणवत्ता शिष्यवृत्ती मिळाली. नियम सांगतो की गरजेवर आधारलेली मदत आणि बाहेरची शिष्यवृत्ती मिळून ठरलेल्या गरजेपेक्षा जास्त होता कामा नये. म्हणजे काहीतरी कमी करावेच लागते. महाविद्यालयाने कर्ज कमी केले, तर मुलीच्या डोक्यावरचा बोजा ५,००० नी हलका होतो. अनुदान कमी केले, तर तिच्या पदरात काहीच पडत नाही. ट्रस्टचा पैसा तिच्या नावे आला आणि महाविद्यालयाच्या तिजोरीत राहिला.

तीच शिष्यवृत्ती तिच्या वर्गातल्या सुखवस्तू घरच्या मुलाला मिळाली तर? त्याची गरज शून्य. वजा करायला काही नाही. त्याचे आईवडील पूर्ण फी भरतात, त्यातून ५,००० सरळ वाचतात. गुण सारखे, शिष्यवृत्तीही सारखी, पण हातात पडणाऱ्या फळात मात्र जमीनअस्मानाचा फरक. अर्थसाहाय्याच्या कचेऱ्यांत याला डिस्प्लेसमेंट म्हणतात. मेरीलँड राज्याने २०१७ मध्ये सरकारी महाविद्यालयांपुरता या प्रथेला कायद्याने लगाम घातला. असे करणारे ते पहिले राज्य. पुढे न्यू जर्सी, कॅलिफोर्निया आणि आणखी काही राज्यांनी आपापल्या परीने तसेच कायदे केले.

महाविद्यालयांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. ती म्हणतात, मदतीची थैली ठरावीक आहे. एका मुलीची गरज बाहेरून भागली, तर सुटलेला पैसा दुसऱ्या गरजूला देता येतो. हा युक्तिवाद पोकळ नाही. पण तो सुटलेला पैसा खरोखर दुसऱ्या गरजूकडेच गेला, हे फार थोडी महाविद्यालये दाखवून देतात. माझे मत असे की बाहेरची शिष्यवृत्ती आली तर आधी कर्ज उतरवावे, मग कामाचे तास कमी करावेत, आणि अनुदानाला हात सर्वांत शेवटी लावावा.

या सगळ्याची मुळे जुनी आहेत. १६४३ मध्ये लंडनच्या लेडी मोल्सन, म्हणजे माहेरच्या ॲन रॅडक्लिफ, यांनी हार्वर्डला १०० पौंड दिले, ते एका गरीब विद्यार्थ्याच्या निर्वाहासाठी. अमेरिकेतली पहिली शिष्यवृत्ती म्हणून तिची नोंद होते. त्यानंतर तीनशे वर्षे प्रत्येक महाविद्यालय आपल्या मनाप्रमाणे कुणाला किती द्यायचे ते ठरवत राहिले. दुसऱ्या महायुद्धानंतर चांगल्या विद्यार्थ्यांसाठी महाविद्यालयांची चढाओढ लागली आणि मदतीच्या रकमा बोलीसारख्या वाढू लागल्या. तेव्हा हार्वर्डच्या जॉन मन्रो यांनी कुटुंबाच्या ऐपतीचे गणित बसवले, आणि १९५४ मध्ये कॉलेज बोर्डाने त्याच वाटेने कॉलेज स्कॉलरशिप सर्व्हिस उभी केली. लगेच पुढच्याच वर्षी, १९५५ मध्ये, नॅशनल मेरिट स्कॉलरशिप कॉर्पोरेशन स्थापन झाले. ऐपत मोजणारी आणि गुण मोजणारी यंत्रणा अशा पाठोपाठ जन्मल्या, हे अभ्यासकाने लक्षात ठेवण्यासारखे आहे. १९६५ च्या हायर एज्युकेशन ॲक्टने संघराज्य सरकार या व्यवहारात कायमचे उतरले. १९७२ मध्ये थेट विद्यार्थ्याला मिळणारे मूलभूत अनुदान आले आणि १९८० मध्ये त्याला सिनेटर क्लेबॉर्न पेल यांचे नाव मिळाले. पेल ग्रँट पूर्णपणे गरजेवर आहे.

आयव्ही लीगची आठ विद्यापीठे आणि एमआयटी १९५८ पासून दरवर्षी एकत्र बसून एकाहून अधिक ठिकाणी प्रवेश मिळालेल्या मुलांची नावे तपासत आणि प्रत्येकाला सगळीकडून सारखीच मदत जाईल असे पाहत. मदत फक्त गरजेवर, गुणांवर नाही, असे त्यांचे आपसात ठरले होते. न्याय खात्याने १९९१ मध्ये हा स्पर्धाविरोधी संगनमताचा प्रकार ठरवून खटला भरला. आयव्ही विद्यापीठांनी तडजोड केली, एमआयटी लढले. १९९२ मध्ये ते हरले, १९९३ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि त्याच वर्षी समझोता झाला. १९९४ मध्ये काँग्रेसने मर्यादित सूट दिली, ती २०२२ मध्ये संपली. त्याच वर्षी या सुटीखाली एकत्र आलेल्या विद्यापीठांवर विद्यार्थ्यांनी नवा खटला गुदरला आणि अनेक विद्यापीठांनी कोट्यवधी डॉलर देऊन तडजोड केली. गरीब मुलांसाठी पैसा राखून ठेवणे आणि फीवरची स्पर्धा टाळणे, हे दोन हेतू या कथेत एकमेकांत इतके गुंतले आहेत की एक खरा आणि दुसरा खोटा म्हणता येत नाही. या विषयात शिरणाऱ्याने हा खटला मुळातून वाचावा.

क्रमाचा परिणाम सर्वांत स्वच्छ दिसतो तो जॉर्जिया राज्यात. १९९३ मध्ये गव्हर्नर झेल मिलर यांनी लॉटरीच्या उत्पन्नातून होप स्कॉलरशिप सुरू केली. शाळेत बी सरासरी राखणाऱ्या मुलाची सरकारी महाविद्यालयातली फी माफ. सुरुवातीला ६६,००० डॉलरची उत्पन्नमर्यादा होती. ती पुढच्या वर्षी वाढवली आणि १९९५ पर्यंत काढूनच टाकली. त्याच वेळी नियमात दुसरी एक ओळ होती: पेल ग्रँट मिळत असेल तर तेवढी रक्कम होपमधून वजा. ज्या गरीब मुलाला पूर्ण पेल मिळत असे, त्याला होपमधून पुस्तकांसाठीचे वर्षाला ४०० डॉलर तेवढे उरत. डॉक्टराच्या मुलाला मात्र पूर्ण फीमाफी. शिवाय पेलला पात्र ठरू शकणाऱ्या घरांना लांबलचक सरकारी अर्ज भरावा लागे, बाकीच्यांचे एका पानात काम होई. अर्थशास्त्रज्ञ सुसान डायनार्स्की यांनी या योजनेचा अभ्यास केला, तेव्हा दिसले की कॉलेजात जाणाऱ्यांची संख्या वाढली खरी, पण ती वरच्या उत्पन्नगटात. श्रीमंत आणि गरीब, गोरी आणि काळी मुले यांच्यातले अंतर रुंदावले. २००० च्या सुमारास पेलची वजावट रद्द झाली. लॉटरीची तिकिटे घेण्यात कमी उत्पन्नाच्या घरांचा वाटा त्यांच्या मिळकतीच्या मानाने जास्त असतो, हेही जॉर्जियातल्या संशोधनाने दाखवले आहे. म्हणजे पैसा खालून गोळा होत होता आणि वर जात होता, तोही गुणवत्तेच्या नावाखाली. होपच्या नियमावलीत गरिबाविरुद्ध एक शब्दही नव्हता. वजाबाकीच्या एका ओळीने एवढे केले.

ज्या योजना गुणांचीही अट घालत नाहीत, त्यांनाही हाच प्रश्न सुटलेला नाही. मिशिगनमधल्या कॅलमझू शहरात २००५ मध्ये काही निनावी दात्यांनी तिथल्या सरकारी शाळांतून बारावी होणाऱ्या मुलांची फी भरायचे जाहीर केले. हा पैसा सर्वांत आधी लागू होतो, त्यामुळे मुलाकडे पेल ग्रँट शिल्लक राहते आणि ती खोलीभाड्याला, जेवणाला वापरता येते. २०१५ पासून विद्यार्थी घेणारी टेनेसी प्रॉमिस ही योजना कम्युनिटी कॉलेजची फी भरते, पण इतर सगळी अनुदाने धरल्यावर जे उरेल तेवढेच. गरीब मुलाची फी पेलमध्येच भागलेली असते, म्हणून त्याला या योजनेतून जवळजवळ काही मिळत नाही. टेनेसीच्या बाजूने एक गोष्ट ठामपणे सांगितली पाहिजे. ‘फी लागणार नाही’ हा सरळ निरोप घरोघर पोचला आणि कॉलेजात जाणाऱ्यांची संख्या वाढली. निरोपाची ताकद कमी लेखू नये.

मिशिगन विद्यापीठातला प्रयोग हेच सांगतो. राज्यातल्या हुशार आणि कमी उत्पन्नाच्या मुलांना विद्यापीठाने पत्र पाठवले: अर्ज करा, प्रवेश मिळाला तर चार वर्षांची फी माफ, उत्पन्नाचे अर्ज भरायची अट नाही. यात नवा पैसा जवळजवळ नव्हता, कारण या मुलांना एरवीही तेवढी मदत मिळालीच असती. फरक एवढाच की ती आधी कळली. अर्ज करणाऱ्यांचे प्रमाण २६ टक्क्यांवरून ६८ टक्क्यांच्या आसपास गेले आणि प्रवेश घेणाऱ्यांचे दुपटीहून वाढले. गुण आणि गरज यांची इतकी सुरेख सांगड मला दुसरीकडे क्वचितच दिसली आहे.

खासगी महाविद्यालयांकडे वळले की मेरिटचे रूप बदलते. तिथे गुणवत्ता शिष्यवृत्ती म्हणजे बरेचदा फीमधली सूट असते. समजा, ६०,००० खर्चाच्या महाविद्यालयाकडे वाटायला ४०,००० आहेत. ते एका गरीब मुलीला दिले तर ती उरलेले २०,००० भरते. त्याचेच १०,००० चे चार भाग करून चार सुखवस्तू मुलांना ‘मेरिट’ म्हणून दिले, तर प्रत्येकी ५०,००० प्रमाणे दोन लाख जमा होतात. अडचणीतल्या महाविद्यालयाला हा मोह का पडतो, ते मॅकफर्सन आणि शापिरो यांच्या १९९८ च्या ‘द स्टुडंट एड गेम’मध्ये नीट उलगडले आहे. बलाढ्य देणगीनिधी असलेली आयव्ही विद्यापीठे मेरिट देतच नाहीत, त्यांना त्याची गरजही नाही.

आकडेवारी वाचणाऱ्यांनी एक खबरदारी घ्यावी. महाविद्यालये दरवर्षी कॉमन डेटा सेट भरतात. त्याच्या एच विभागात गरजेवरची आणि गरजेशिवायची मदत असे दोन रकाने असतात. पण गुणांवर दिलेली रक्कम गरजू मुलाची गरज भागवायला वापरली गेली, तर ती गरजेच्या रकान्यात लिहायची अशी सूचना आहे. त्यामुळे देणाऱ्याचा हेतू त्या रकान्यांवरून कळत नाही.

विषय अजून हलतो आहे. २०२५ च्या संघीय कायद्याने १ जुलै २०२६ ही तारीख धरून असे ठरवले की संघराज्याबाहेरच्या अनुदानांतूनच एखाद्याचा पूर्ण खर्च भागत असेल, तर त्याला पेल मिळणार नाही. इतकी वर्षे बाकीची मदत पेल धरून मग मोजली जात असे. इथे प्रथमच बाहेरची मदत आधी धरून पेलची पात्रता ठरते आहे.

मराठी वाचकाला हा विषय परका नाही. १९१३ मध्ये बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानाने दिलेल्या शिष्यवृत्तीवर, दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. ती गुणांसाठी होती की गरजेसाठी, असे विचारले तर दोन्ही, असेच उत्तर द्यावे लागेल. आज भारतातून जाणाऱ्या मुलांना पेलसारखी सरकारी मदत मिळत नाही. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट अशा मोजक्या ठिकाणीच परदेशी मुलाच्या प्रवेशात ऐपत आड येत नाही. तिथे स्थायिक झालेल्या मराठी घरांतली मुले बहुधा दुसऱ्या, सुखवस्तू बाजूला असतात. त्यांच्यासाठी मेरिट हाच मार्ग उरतो.

आणि आपल्याकडेही हे प्रश्न आहेत. आठवीत होणारी एनएमएमएस परीक्षा घरचे उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेल्या मुलांचे गुण पाहते आणि वर्षाला १२,००० रुपये देते. तिथे गरज आधी, गुण नंतर. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत दुसरी शिष्यवृत्ती मिळाली तर दोहोंपैकी एक निवडावी लागते. त्या निवडीत कोणती मुले किती गमावतात, गुणांवर मिळवलेली शिष्यवृत्ती कुणाला सोडून द्यावी लागते, हे जॉर्जियात पाहिले गेले तितक्या बारकाईने आपल्याकडे पाहिले जायला हवे. या प्रस्तावनेच्या वाचकांत अर्थशास्त्राचे वा शिक्षणशास्त्राचे कुणी तरुण अभ्यासक असतील, तर त्यांनी महाराष्ट्र सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरचे अर्ज, योजनांच्या अटी आणि विद्यार्थ्यांच्या खात्यावर खरोखर जमा झालेल्या रकमा शेजारी शेजारी ठेवून हे काम हाती घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.