लिटर आणि घनसेंटिमीटर : अर्ध्या थेंबाचे अंतर

महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत जुनी काचेची मोजपात्रे अद्याप कोठे कोठे जपून ठेवलेली आढळतात. त्यांतील काहींवर 'सी. सी.' म्हणजे घनसेंटिमीटर अशी खूण कोरलेली असते, तर काहींवर मिलिलिटरची. ही एकाच मापाची दोन नावे होत, असे आज विद्यार्थ्यांना शिकविले जाते आणि ते बरोबरही आहे. परंतु १९०१ ते १९६४ ह्या त्रेसष्ट वर्षांत मात्र ते बरोबर नव्हते.

राज्यक्रांतीच्या काळात फ्रान्समध्ये ज्या विद्वानांनी नवी मापे रचली, त्यांची कल्पना मोठी मनोहर होती. लांबी पृथ्वीपासून घ्यावयाची आणि वजन लांबीपासून. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा कोट्यंश तो मीटर. मीटरचा शतांश ही ज्याची बाजू, अशा घनात मावणाऱ्या शुद्ध पाण्याचे वजन तो ग्रॅम. ७ एप्रिल १७९५ च्या कायद्याने हे पाणी वितळत्या बर्फाच्या तापमानाचे असावे असे ठरविले. पाणी तोलण्याचे काम त्याआधी, १७९३ मध्ये, लाव्हाझिए आणि आयुई ह्यांनी आरंभिले होते. पण कर वसूल करणाऱ्या मंडळीतील एक म्हणून ८ मे १७९४ रोजी लाव्हाझिएचा शिरच्छेद झाला. आधुनिक रसायनशास्त्राचा पाया घालणाऱ्या ह्या पुरुषाला आपल्या तराजूचा शेवटचा निकाल पाहावयास मिळाला नाही.

ते काम १७९९ मध्ये लफेव्र-जिनो आणि फ्लॉरेन्सचा फाब्रोनी ह्यांनी पुरे केले. पाणी सुमारे ४ अंशांवर सर्वांत दाट होते, हे ध्यानी घेऊन त्यांनी बर्फाऐवजी तेच तापमान प्रमाण मानले. पितळेचा एक पोकळ दंडगोल काळजीपूर्वक मोजून तो आधी हवेत आणि मग पाण्यात तोलला. दोन्ही वजनांतील फरकावरून दंडगोलाने सारलेल्या पाण्याचे वजन मिळाले. त्यावरून प्लॅटिनमचा किलोग्रॅम घडवून २२ जून १७९९ रोजी दप्तरखान्यात ठेवण्यात आला.

पुढील पेच येथूनच उद्भवला. पाणी वाहून गेले, प्लॅटिनम राहिले. १८७५ च्या मीटर-करारापूर्वी नव्या किलोग्रॅमची चर्चा निघाली, तेव्हा पुन्हा पाणी तोलावे की जुन्या प्लॅटिनमचीच नक्कल करावी, असा प्रश्न आला. नक्कल करण्याचे ठरले, आणि ते शहाणपणाचे होते. पाण्यातील विरघळलेली हवा काढणे आणि त्याचे तापमान स्थिर राखणे ही कामे सोपी नव्हेत. धातूचा ठोकळा मात्र केव्हाही पारड्यात ठेवता येतो.

आता लिटर कोणाच्या बाजूचे, हे ठरवावयाचे राहिले. १९०१ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेने निर्णय दिला की, अधिकतम घनतेच्या व प्रमाण वायुदाबाखालील एक किलोग्रॅम शुद्ध पाण्याचे आकारमान म्हणजे लिटर. हे प्रयोगशाळेच्या रीतीला धरूनच होते, कारण काचपात्राची क्षमता पट्टीने आतून मोजीत नाहीत. त्यात पाणी भरून तोलतात. पुढे गियोम, शाप्पुई प्रभृतींनी तेच आकारमान अत्यंत सूक्ष्मपणे मोजले, तेव्हा एका लिटरात १००० नव्हे, १०००.०२८ घनसेंटिमीटर भरले. लिटरमागे अंतर पडले ते पाण्याच्या सुमारे अर्ध्या थेंबाचे. लफेव्र-जिनो आणि फाब्रोनी ह्यांना ह्याबद्दल हसणाऱ्याने पितळेचा दंडगोल एकदा स्वतः मोजून पाहावा.

ब्युरेट वाचणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा फरक नगण्यच. ५० मिलिलिटरमागे तो ०.००१४ घनसेंटिमीटर येतो, आणि ब्युरेटवरील रेघेकडे पाहताना त्याहून कितीतरी अधिक चूक होते. घनतेच्या सूक्ष्म कोष्टकांत मात्र तो लपत नसे. मिलिलिटरच्या हिशेबाने पाण्याची अधिकतम घनता नेमकी १; घनसेंटिमीटरच्या हिशेबाने ०.९९९९७२.

नेमक्या ह्याच काळात भारताने दशमान मापे स्वीकारली. १९५६ मध्ये कायदा झाला, १९५७ मध्ये देश मीटर-करारात सामील झाला, १ ऑक्टोबर १९५८ पासून नवी वजने बाजारात येऊ लागली आणि ५७ क्रमांकाचा प्रमाण किलोग्रॅम दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेकडे आला. ८० तोळ्यांच्या शेराचे ९३३.१० ग्रॅम करताना दुकानदाराला दोन दशांशस्थळे पुरत. लिटरचा वाद पाचव्या-सहाव्या स्थळाचा होता.

१९६४ च्या परिषदेने १९०१ ची व्याख्या रद्द केली. लिटर पुन्हा नेमका एक घन डेसिमीटर झाला, आणि अतिसूक्ष्म मापनात लिटर हे नाव वापरू नये अशी शिफारसही झाली. २०१९ मध्ये किलोग्रॅमने प्लॅटिनमची साथही सोडली. तो प्लांकच्या स्थिरांकाशी बांधला गेला. कपाटातील जुने ग्रंथ मात्र बदललेले नाहीत. १९६४ पूर्वीच्या ग्रंथातील सूक्ष्म घनता आज वापरावयाची असेल, तर तिच्यापुढे कोणते एकक लिहिले आहे ते पाहावे लागते, आणि ते मिलिलिटर असेल तर ०.९९९९७२ ने गुणावे लागते.