गोव्याच्या खाणी: शाश्वत नेमकं काय होतं?

‘शाश्वत खाणकाम’ हा शब्द आज आपण सहज वापरतो. पण लोहखनिज भातासारखं दरवर्षी उगवत नाही. काढलं की संपलं. मग शाश्वत काय? गोव्याच्या इतिहासात याचं एक विचित्र उत्तर सापडतं.

पोर्तुगीज राजवटीने १९०६ च्या कायद्याखाली खाणींचे परवाने दिले, तेही बेमुदत. म्हणजे बघा, खनिज संपणारं आणि हक्क मात्र कायमचा! १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, तरी ही व्यवस्था चालूच राहिली. १९८७ साली संसदेने कायदा करून या परवान्यांचे मुदतीचे पट्टे केले. त्यांची वाढीव मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजी संपली. खाणी मात्र थांबल्या नाहीत. उलट चीनची मागणी वाढली आणि २०१०-११ मध्ये निर्यात पाच कोटी टनांवर गेली.

आता गावाकडून पाहू. एक टन खनिजामागे अडीच-तीन टन माती निघते. डिचोली, सत्तरी, सांगे भागांत तिचे डोंगर उभे राहिले. पावसात ती ओढ्यांत, शेतांत उतरली. खड्डे भूजलाच्या पातळीखाली गेले, पाणी उपसलं गेलं आणि आसपासच्या विहिरी आटल्या. त्याच गावांतल्या लोकांनी कर्ज काढून ट्रक घेतले होते, हेही विसरू नका. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा शेत गेलेलं होतंच, आता ट्रकही दारात उभा राहिला.

२१ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २००७ नंतरचं उत्खनन बेकायदा ठरवलं. वर्षाला दोन कोटी टनांची तात्पुरती मर्यादा घातली. आणि खनिज विक्रीच्या रकमेतला दहा टक्के वाटा एका कायमस्वरूपी निधीत ठेवायला सांगितला, पुढच्या पिढ्यांसाठी.

माझ्या मते खरं वळण इथे आहे. वाद ‘खाण हवी की नको’ एवढाच राहिला नाही. जमिनीतून गेलेल्या संपत्तीच्या बदल्यात मागे काय उरलं, हा हिशेब सुरू झाला. तो शंभर वर्षं कुणी मांडलाच नव्हता. दहा टक्के पुरेसे आहेत का, यावर वाद घाला, जरूर घाला. पण आटलेली विहीर कुणाच्या खात्यावर लिहायची, हेही त्याच वहीत विचारा.