पेट्रोल पंपावरची विजेची गाडी

हायब्रिड गाडी आजची वाटते, पण तिची कल्पना सव्वाशे वर्षं जुनी आहे. १९०० साली व्हिएन्नात फर्डिनांड पोर्श या पंचविशीतल्या इंजिनिअरनं चाकांमध्ये विजेच्या मोटर बसवलेली गाडी बनवली. बॅटरी संपली तर? म्हणून वीज तयार करायला गाडीतच पेट्रोल इंजिनं बसवली. नाव ठेवलं ‘सेम्पर विवुस’, म्हणजे सदैव जिवंत. पण असली गाडी जड आणि महाग पडायची. साध्या पेट्रोल गाड्या स्वस्त होत गेल्या आणि ही कल्पना मागे पडली.

१९९७ साली टोयोटानं जपानमध्ये प्रियस आणली. इंजिन आणि मोटरचा मेळ आता कॉम्प्युटर घालत होता. २००४ साली अमेरिकेत फोर्डची एस्केप हायब्रिड आली आणि ही युक्ती फॅमिली एसयूव्हीत पोचली. तिचं मायलेज हायवेपेक्षा शहरात जास्त होतं! ब्रेक लावताना एरवी वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत परत जाते, सिग्नलला इंजिन बंद राहतं.

भारतात २०२२ साली ग्रँड विटारा आणि हायरायडर आल्या. रोजच्या ट्रॅफिकमध्ये पेट्रोल वाचतं, गणपतीला कोकणात जाताना चार्जर शोधावा लागत नाही. बॅटरी डिकीतली थोडी जागा खाते, इतकंच.

पण प्लग नसलेल्या या गाडीतली सगळी वीज शेवटी पेट्रोलमधूनच येते. २०१९ साली इलेक्ट्रिक गाड्यांवरचा जीएसटी ५ टक्के झाला, हायब्रिडला ती सवलत मिळाली नाही. ‘बॅटरी संपली तर?’ हा पोर्शचा प्रश्न आपण विचारतोय, तोवरच हायब्रिडची गरज आहे.