पटाची जोडी, घरची जोडी

आमच्या घरी दोन गोठे होते. एकात घरची जोडी, दुसऱ्यात पटाची. घरच्या जोडीला कडबा आणि कुटार. पटाच्या जोडीला सरकीची ढेप, भिजवलेला उडीद, गूळ-तुपात मळलेले कणकेचे गोळे, आणि पट जवळ आला की दूधसुद्धा. ते गोळे करताना आजीचं तोंड चालू असे, पण हात आखडत नसे. एका वर्षी ऐन पेरणीच्या तोंडावर घरचा एक बैल लंगडायला लागला. काकानं पटाचा बैल सोडून वखराकडं नेला, तसे आबाजी ओसरीवरूनच ओरडले, "थे पटाची जोडी हाय बावा, वखराले जुपाची नाही!" वखर त्या दिवशी पडून राहिला. पाऊस पडायचा तो पडून गेला.

घाटावरच्या पाहुण्यांना शंकरपट म्हटलं की आधी अर्थ सांगावा लागतो. त्यांच्याकडं, खेड-जुन्नर-आंबेगावात, तो बैलगाडा: चार बैल चढाच्या घाटात पळतात आणि त्यांच्या पुढं घोडी असते. सातारा-सांगलीकडं छकडी. यवतमाळपासून अमरावती, वर्धा करत थेट भंडारा-गोंदियापर्यंत मात्र शंकरपट, आणि रोजच्या बोलण्यात नुसता पट. पट भरतो, पटाला जातात, पट मारतात. पट म्हणजे अंथरल्यासारखी सपाट जागा. पटांगणातला पट तोच आणि सोंगट्यांचाही तोच. शंकर का, याला गावोगावचं उत्तर एकच आहे: नंदी ज्याचा, पट त्याचा. पंचांगही याला दुजोरा देतं. संक्रांतीच्या आगेमागे पट जोर धरतात आणि महाशिवरात्रीपर्यंत ऐन भरात असतात. त्या दिवसांत पऱ्हाटीची वेचणी सरत आलेली असते, तूर खळ्यावर येते आणि बैल रिकामे होतात. पोळा हा बैलाच्या विश्रांतीचा सण, पट हा त्याच्या रिकामपणाचा.

पटात जोडी हाकणारा तो धुरकरी. हा शब्द मला फार आवडतो, कारण त्याचं घराणं मोठं आहे. संस्कृतात धुर् म्हणजे जू, गाडीचा तो भाग ज्याखाली बैलाचा खांदा येतो. तो भार वाहायला लायक तो धुरीण, वाहून नेतो तो धुरंधर. दोन्ही शब्द आधी बैलाचे होते, पुढाऱ्यांनी ते नंतर घेतले. पक्षाची धुरा कुणाच्या खांद्यावर पडली म्हणून वर्तमानपत्रं लिहितात तेव्हा तीही बैलाचीच भाषा बोलत असतात. (आमच्याकडं धुरा म्हणजे शेताचा बांधही, आणि वऱ्हाडातली निम्मी भांडणं त्या धुऱ्यावरची. तो विषय वेगळा.) या सगळ्या गोतावळ्यात गाडीवर बसायचं काम तेवढं धुरकऱ्याकडं राहिलं.

आता बैलाला वेगाची गरज का पडली, ते पाहू. अमेरिकेतलं यादवी युद्ध 1861 ते 1865 चाललं, तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. 1867 मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली, पण ती धामणगावावरून गेली. आमचं यवतमाळ पंचेचाळीसेक किलोमीटर बाजूला राहिलं. मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद रुळांची लाइन, जिला सगळे शकुंतला म्हणतात, ती आली त्यानंतर कित्येक वर्षांनी. मधली सगळी वर्षं कापूस बंडीनं गेला, आणि शकुंतला आल्यावरही गावापासून तिच्या ठेसनापर्यंत बंडीच होती. ज्याची बंडी आधी पोचली त्याचं माप आधी. मागं राहिला तो गाडीखाली घोंगडं टाकून रात्र काढी. पटाचा देव त्याहून जुना असेल. पण एका रांगेतल्या दोन बंड्यांनी एकमेकींना मागं टाकण्याची चटक याच धामणगावच्या रस्त्यावर लागली असावी, असा माझा होरा आहे.

बैलही जवळच होता. वर्धा-नागपूरकडची गवळाऊ जात पांढरी, सडपातळ, दुडक्या चालीची. मराठा फौजांचं सामान झपाट्यानं हलवावं म्हणून ती जोपासली गेली, असं पशुवैद्यकाच्या पुस्तकांत नोंदलेलं आहे. शिवाय ओझ्याच्या बंडीबरोबर पाटला-देशमुखांच्या घरी दमणी असे, रेंगी असे: माणसं न्यायची हलकी गाडी, लग्नाला, बाजाराला, सोयऱ्याकडं. कुणाची दमणी पांदणीतून आधी निघाली, यावर गावाची अब्रू ठरे. तिचीच साटी काढा, कठडे काढा, दांड्या बारीक करा, की उरतो तो छकडा. धुरकऱ्याला जेमतेम बूड टेकण्यापुरती जागा, खाली दोन चाकं, पुढं जू.

चाकाचं तेवढं नीट सांगितलं पाहिजे, कारण पट तिथं जिंकला किंवा हरला जाई. मधे तुंबा, तुंब्यात बसवलेले आरे, आऱ्यांवर बाभळीचे पाटे, आणि त्या सगळ्याला बाहेरून आवळणारी लोखंडी पट्टी. या पट्टीला धाव म्हणतात. धाव बसवायचा दिवस म्हणजे गावातल्या पोरांची जत्रा. लोहार गोवऱ्यांचा गोल रचून त्यात धाव लालभडक तापवी. मग तिघं-चौघं सांडशीनं ती उचलून चाकावर आणत, घण पडत, लाकडाला जाळ लागे, आणि त्याच क्षणी बादल्या ओतल्या जात. चर्रर्र आवाज, वाफेचा लोट, आणि थंड होताना आकसणारं लोखंड आऱ्यांना तुंब्यात असं दाबे की चाक कुरकुरे. धाव जराशी मोठी निघाली तर चाक महिनाभरात खिळखिळं, लहान निघाली तर आरेच वाकणार. पोरपणी मला वाटे, धावायचं म्हणून धाव. आबाजींनी ती समजूत कधी मोडली नाही.

अमेरिकेत मोटारींच्या शर्यतींचं जे घराणं आहे त्याची गोष्ट वाचताना मला सारखे आमचे दोन गोठे आठवतात. तिथं एक जात स्टॉक कारची. स्टॉक म्हणजे दुकानात उभा असलेला माल; कुणीही विकत घेऊन घरी न्यावी तशी गाडी. दारूबंदीच्या काळात आणि नंतरही दक्षिणेकडच्या डोंगरांतले लोक चोरटी दारू अशाच गाड्यांतून नेत, आणि पोलिसांना चुकवायचं म्हणून इंजिन-स्प्रिंगांत आतून हात मारलेला असे. बिल फ्रान्स नावाच्या गड्यानं डिसेंबर 1947 मध्ये डेटोना बीचला मंडळी जमवून 'नॅसकार' उभी केली. 19 जून 1949 ला शार्लटला तिची खास 'जशी विकत घेतली तशी' गाड्यांची पहिली शर्यत झाली. ग्लेन डनवे पहिला आला. तपासणीत त्याच्या फोर्डच्या मागच्या स्प्रिंगा बदललेल्या निघाल्या, त्याला बाद केलं आणि जिम रोपरला पहिला ठरवलं. घरची जोडी म्हणून आणली आणि निघाली पटाची! दुसरी जात उघड्या चाकांची: चाकं अंगाबाहेर, बसायला जेमतेम खोबण, शर्यतीपलीकडं तिचा काही उपयोग नाही. इंडियानापोलिसला 1911 पासून पाचशे मैल पळतात त्या या. आमचा छकडा पाहिलेल्याला ही जात ओळखायला वेळ लागत नाही.

पटातही हा तंटा जुना आहे. म्हणून बऱ्याच ठिकाणी खुल्या गटाबरोबर गावातल्या नाहीतर तालुक्यातल्या जोड्यांचा वेगळा गट ठेवतात. नाहीतर लाखांत विकत घेतलेल्या जोडीपुढं नांगराची जोडी काय उभी राहणार? अर्थात त्या गटातही कुणाची जोडी खरोखर नांगराची आणि कुणाची लपवून पोसलेली, यावर पारावर रात्र निघते. अमेरिकेत स्प्रिंग मोजता आली. इथं ढेप कशी मोजणार?

आमच्याकडचा पट घड्याळाचा. जोडी सुटली की वेळ सुरू, रेषेवर थांबली. पूर्वी हातातलं घड्याळ, आता दोन्ही टोकांना सेन्सर आणि निकाल सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत. डोळ्यांना दोन जोड्या अगदी सारख्या दिसतात आणि फलकावर त्यांत फरक पडतो. म्हातारे त्या फलकावर अजून विश्वास ठेवत नाहीत. धामणगावजवळच्या तळेगाव दशासरचा पट आमच्या लोकांना माहेरासारखा. तिथं बायकाही धुरकरी म्हणून छकड्यावर बसतात, आणि त्या दिवशी गर्दी जास्त असते. आबाजींना हे पाहायला मिळालं असतं तर ते काय म्हणाले असते हे मला नक्की ठाऊक आहे, आणि ते इथं लिहीत नाही.

शर्यत हा शब्द मूळ अरबी 'शर्त'वरून आला. शर्त म्हणजे अट. ती अट पुढं फारच कडक झाली. 11 जुलै 2011 च्या केंद्राच्या अधिसूचनेनं बैल हा खेळ-प्रदर्शनाला मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत गेला, आणि 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयानं जलिकट्टूबरोबर बैलांच्या शर्यतीही बंद केल्या. हे उगाच झालं नाही. शेपूट पिरगळणं, आर लावलेली तुतारी टोचणं, दारू पाजणं, सगळं चालायचं. आमच्या गोठ्यात दारू कधी आली नाही, पण तुतारी होती आणि तिला आर होती, हे कबूल केलं पाहिजे. राज्यानं 2017 मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. तिच्यात बैलगाडा शर्यत आणि छकडी यांच्याबरोबर शंकरपट हे नावही घातलं. वऱ्हाडी बोलीतला शब्द असा राज्याच्या कायद्यात जाऊन बसला. तीही उच्च न्यायालयात अडली. 16 डिसेंबर 2021 ला पुन्हा परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं ती कायम केली. आता जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते, पशुवैद्याचा दाखला लागतो, धाव हजार मीटरच्या वर नाही आणि धुरकऱ्याच्या हातात काठी नाही. उरतो तो आवाज. चांगला धुरकरी जिभेच्या टकटकीवर जोडी काढतो, आणि तसे पूर्वीही होते.

बंदीच्या या सात वर्षांत गोठ्यांचं मात्र उलटं झालं. पट बंद होता तरी ज्यांनी जिद्दीनं पटाची जोडी ठेवली त्यांच्याकडं ती आहे. घरची जोडी गेली. वखरणी, पेरणी ट्रॅक्टरनं होते, डवरणीपुरता बैल भाड्यानं आणतात, आणि कापूस चारचाकीतून बाजार समितीत जातो. आमचा थोरला गोठा आता सोयाबीनच्या पोत्यांचं कोठार आहे.

मागच्या हिवाळ्यात आर्णी रस्त्यावरच्या चहाच्या टपरीपाशी एक पिकअप थांबली होती. मागं जाड तणसाचं अंथरूण, त्यावर पांढरी जोडी, अंगावर झुली, आणि वरच्या लोखंडी पट्ट्यांना दोरीनं बांधलेला छकडा, चाकं आभाळाकडं. पोरगा विशीतला. कुठं पट आहे म्हणून विचारलं तर गावाचं नाव सांगून म्हणाला, "काका, उतरल्यावर दोन तास उभे ठेवा लागते. गाडीत बसून पाय आखडतात ना त्याहीचे." चहा संपवून तो मागं चढला आणि आधी डाव्याचे, मग उजव्याचे गुडघे तळहातानं चोळू लागला.