पंखे किती, यापेक्षा वाट कोणती
संगणकाच्या कॅबिनेटमधील गारव्याचा इतिहास पंख्यांच्या संख्येपेक्षा हवेच्या वाटेचा आहे. १९९५ साली इंटेलने एटीएक्स रचना आणली, तेव्हा पॉवर सप्लायच्या पंख्याने बाहेरची हवा आत ओढून प्रोसेसरवर सोडावी अशी कल्पना होती. पण ती हवा सप्लायमध्येच तापून येई, म्हणून पुढे दिशा उलटी झाली. २००४ च्या बीटीएक्स रचनेने प्रोसेसर थेट पुढच्या ताज्या हवेसमोर आणला. ती रचना बाजारात टिकली नाही, तरी तिच्यामागचा विचार मला अचूक वाटतो. जास्त पंखे लावले की भागते, असे कोणी म्हणेल. पण दर्शनी भाग काचेने बंद असेल तर तिथले तीन पंखेही गुदमरतात. जाळी मोकळी असेल तर १२० मिलिमीटरचे मोजके पंखे बहुधा पुरतात: ८० मिलिमीटरच्या पंख्याहून सुमारे सव्वादोनपट क्षेत्र असल्याने ते कमी फेऱ्यांत, कमी आवाजात तेवढीच हवा ग्राफिक्स कार्डापर्यंत पोहोचवतात.